आखूड दांड्याची कुदळी

अवजारांचा इतिहास लिहिणाऱ्या पंडितांची दृष्टि बहुधा पात्यावर खिळलेली असते. मानवजातीच्या प्राचीन इतिहासाचे जे अश्मयुग, ताम्रयुग व लोहयुग असे विभाग आपण शाळेंत पाठ करितों, ते सर्व पात्याच्या द्रव्यावरून पाडलेले आहेत. ह्याचें कारण अगदीं साधें आहे. दगड, तांबें व लोखंड हीं जमिनींत टिकतात. लांकडी दांडा मात्र कुजून मातींत मिसळतो आणि उत्खनन करणाराच्या हातीं पातें तेवढें लागतें. परंतु जो माणूस तें अवजार दिवसभर चालवीत होता, त्याचा हात पात्याला कधींच लागत नव्हता. त्याचा सर्व संबंध दांड्याशीं. दांडा किती लांब, किती जाड, सरळ कीं बांकदार, ह्यावर त्यानें उभें राहून काम करावयाचें कीं कंबरेंत वांकून, हें ठरत होतें. आणि उतारवयांत त्याची पाठ ताठ राहील कीं नाहीं, हेंही बऱ्याच अंशीं त्यावरच ठरत होतें. त्या दृष्टीनें दांड्याचा इतिहास म्हणजे श्रमिकाच्या शरीराचा इतिहास होय. त्या इतिहासांतील एक प्रकरण असें आहे कीं, ज्यांत कुदळीचा दांडा किती लांब असावा हा प्रश्न एका मोठ्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन पोंचला. तें प्रकरण वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम दांड्याचें काम काय तें पाहूं. फावडें ही एक तरफ आहे. पात्याजवळचा हात टेंकू होतो व दुसरा हात दांड्याचें टोंक दाबून भार उचलतो. दांडा लांब केला तर माणसाला कमी वांकावें लागतें. पण पात्यावरील माती शरीरापासून दूर जाते व ती तोलून धरणें जड पडतें. दांडा आखूड केला तर पातें हुकमतींत राहतें. पण त्याची किंमत पाठीला द्यावी लागते. ह्या दोन गोष्टींचा मेळ निरनिराळ्या देशांनीं निरनिराळ्या रीतीनें घातला आहे. इंग्लंडच्या बहुतेक भागांत फावड्याचा दांडा आखूड ठेवून त्याच्या टोंकाला आडवी किंवा कडीसारखी मूठ बसविण्याची चाल होती. जुने कारागीर ॲश नांवाच्या चिवट लांकडाचें टोंक चिरून, वाफेवर मऊ करून, दोन्ही फांटे बाजूंस वांकवून त्यांत आडवी खुंटी घालीत. त्या मुठीमुळें मनगट पिळवटत नसे. उलट, त्याच देशाच्या नैर्ऋत्य टोंकाशीं असलेल्या कॉर्नवॉल प्रांतांत फावडें लांब, किंचित् बांक दिलेल्या दांड्याचें असे व त्याला मूठ मुळींच नसे; तेथला मजूर आपली मांडी टेंकूसारखी वापरून माती फेंकी. कुऱ्हाडीचा दांडा गोल न ठेवतां लंबवर्तुळाकार करण्यांतही असेंच शहाणपण आहे. धार कोणीकडे आहे हें न पाहतां हाताला कळतें. आपल्याकडे कुदळीला बाभळीचा दांडा घालतात, तोही चिवटपणा पाहूनच. हें सर्व ज्ञान कोणत्याही ग्रंथांत लिहिलेलें नव्हतें. तें सुताराच्या व मजुराच्या हातांत होतें, आणि मजूर स्वतःचें अवजार स्वतः निवडीत होता तोंपर्यंत तें त्याच्या उपयोगीं पडत होतें.

वांकून काम करण्यांत पाठीला नेमकें काय सोसावें लागतें, हें थोड्या गणितानें समजेल. कंबरेच्या ठिकाणीं पांच मणके असतात व त्यांच्यामध्यें कूर्चेच्या चकत्या असतात. मनुष्य पुढें वांकला म्हणजे डोकें, हात व धड ह्यांचा सर्व भार कंबरेपासून सुमारें वीत-सव्वा वीत अंतरावर लोंबतो. आणि तो भार मागून ओढून धरणारे स्नायु मणक्याच्या मध्यापासून अवघे दोन इंचांवर असतात. तराजूच्या एका लांब दांडीला बांधलेलें ओझें दुसऱ्या अगदीं आखूड दांडीनें तोलून धरावें, तसा हा प्रकार आहे. शरीराच्या वरच्या भागाचें वजन ३० किलो धरलें, तर त्याला तोलण्यासाठीं स्नायूंना त्याच्या चार-पांच पट जोर लावावा लागतो व तेवढाच दाब चकत्यांवर येतो. हातांत कांहींही न घेतां नुसतें ओणवें राहिलें तरी हा दाब चुकत नाहीं. घटकाभर वांकणें कोणालाही सोसतें. दहा तास, महिनोगणती, वर्षानुवर्षें वांकणें ही वेगळी गोष्ट आहे.

ही गोष्ट वैद्यांच्या ध्यानांत फार पूर्वीं आली होती. बर्नार्डिनो रामाझिनी ह्या इटालियन वैद्यानें १७०० सालीं मोदेना येथें कारागिरांच्या रोगांवर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. धंद्यांतून उद्भवणाऱ्या रोगांचीं त्यानें दोन मुख्य कारणें सांगितलीं. एक विषारी द्रव्यें, व दुसरें शरीराच्या अस्वाभाविक हालचाली व बैठकी. रोग्याला नेहमींचे प्रश्न विचारून झाल्यावर ‘तुझा धंदा कोणता?’ हाही प्रश्न वैद्यानें विचारावा, असा त्याचा आग्रह होता. पुढें १८५७ सालीं वोइचेख यास्त्शेंबॉव्स्की ह्या पोलिश पंडितानें काम व नियम ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ‘अर्गोनॉमिक्स’ हें नांव सुचविलें. तें जवळजवळ विसरलें गेलें. आणि १९४९ सालीं इंग्लंडांत कांहीं शास्त्रज्ञांनीं तेंच नांव पुन्हां घेऊन ह्या विषयाची एक स्वतंत्र संस्था स्थापिली. अवजाराला माणूस जुळवून घेण्याऐवजीं माणसाला अवजार जुळवून द्यावें, हें ह्या शास्त्राचें थोडक्यांत सूत्र आहे.

परंतु फावड्याचा शास्त्रीय विचार ज्यानें सर्वांत गाजविला, तो गृहस्थ वैद्य नव्हता. तो एक इंजिनीयर होता. फ्रेडरिक टेलर ह्यानें १८९८ ते १९०१ ह्या काळांत अमेरिकेंतील बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत फावडें मारणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. तेथें मजूर आपापलीं फावडीं घेऊन येत. एकाच फावड्यानें बारीक कोळसा उचलला तर खेपेला साडेतीन पौंड भार येई आणि लोहखनिज उचललें तर ३८ पौंड येई. टेलरनें प्रयोग करून असें ठरविलें कीं, चांगल्या मजुराच्या हातून दिवसाचें सर्वांत अधिक काम होण्यास फावड्यावर दर खेपेला सुमारें २१ पौंड भार असावा. मग कारखान्यानेंच आठ-दहा प्रकारचीं फावडीं करून ठेवलीं. जड खनिजासाठीं लहान व हलक्या राखेसाठीं मोठें. टेलरनें १९११ च्या आपल्या पुस्तकांत दिलेल्या आंकड्यांप्रमाणें दर मजुरामागें दिवसाचें काम १६ टनांवरून ५९ टनांवर गेलें, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८८ डॉलरवर गेली, आणि जेथें पूर्वीं ४०० ते ६०० मजूर लागत तेथें १४० पुरले.

हे आंकडे लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहेत. काम जवळजवळ पावणेचार पट झालें, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक झाली, आणि दोन-तृतीयांशांहून अधिक माणसांची गरज उरली नाहीं. फावडें शरीराला अनुरूप झालें हें खरें. पण ज्या कसोटीवर तें निवडलें ती कसोटी टनांची होती, पाठीची नव्हती. टेलरचें शास्त्र खोटें होतें असें कोणी म्हणणार नाहीं. शास्त्राला प्रश्न कोणी विचारला ह्यावर उत्तर अवलंबून राहतें, एवढेंच त्यांतून दिसतें. हीच गोष्ट पुढील हकीकतींत अधिक स्पष्टपणें दिसेल.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया संस्थानांत सॅलिनास नांवाचें एक अतिशय सुपीक खोरें आहे. कादंबरीकार जॉन स्टाइनबेक ह्याचें हें जन्मस्थान. ह्या खोऱ्यांत लेट्यूस नांवाच्या पालेभाजीचे व साखरबीटाचे विस्तीर्ण मळे आहेत. बीं दाट पेरावयाचें आणि रोपें वर आलीं म्हणजे ठराविक अंतरावर एकेक जोमदार रोप ठेवून बाकीचीं काढून टाकावयाचीं, अशी तेथील रीत होती. आपण ज्याला विरळणी म्हणतों तेंच हें काम. ह्या विरळणीसाठीं व निंदणीसाठीं विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथें मजुरांच्या हातीं एक कुदळी दिली जाई. तिचें पातें नेहमींच्या कुदळीसारखें रुंद असे, पण दांडा मात्र फूट-दीड फुटाचा. मेक्सिकन मजूर तिला स्पॅनिश भाषेंत ‘एल कोर्तीतो’, म्हणजे ‘आखूडली’, म्हणत. नांवांत लाडकेपणा आहे. पण तें तोंडीं येई तें शिवीसारखें. एका हातीं कुदळी, दुसरा हात रोपें चिमटण्यास मोकळा, आणि कंबर काटकोनांत वांकलेली, अशा स्थितींत अर्ध्या मैलाची ओळ संपवावयाची व पुढची धरावयाची.

हे मजूर कोण होते हेंही सांगितलें पाहिजे. ह्या मळ्यांत पाळीपाळीनें चिनी, जपानी, फिलिपिनो व मेक्सिकन लोक राबले. १९४२ पासून १९६४ पर्यंत दोन सरकारांच्या कराराप्रमाणें मेक्सिकोंतून लाखों तात्पुरते मजूर आणले जात. त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. बाहू ह्या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून हें नांव पडलें आहे, व तें फार बोलकें आहे, कारण पाहिजे होते ते बाहूच. ह्या लोकांना मताचा अधिकार नव्हता, भाषा येत नव्हती आणि तक्रार केली तर परत धाडलें जाण्याचें भय होतें. मेक्सिकन माणूस मुळांत बुटका, जमिनीच्या जवळ बांधलेला, म्हणून त्याला वांकणें जड जात नाहीं, असें उघडपणें बोलणारे पुढारीही त्या देशांत होते. अशा तर्कटाची आपल्या वाचकांना नवलाई वाटूं नये. जें काम आपणांस करावें लागत नाहीं तें करणाराच्या अंगीं तें काम जन्मतःच मुरलेलें असतें, ही समजूत आपल्याही समाजांत शतकानुशतकें नांदली आहे.

मळेवाल्यांची बाजू काय होती? ती अगदींच टाकाऊ होती असें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, लेट्यूसचें रोप नाजूक असतें; डोळे पात्याजवळ असले तरच कोणतें रोप ठेवावें व कोणतें काढावें हें नीट दिसतें; लांब दांड्यानें नेम चुकेल, पीक बिघडेल आणि सर्व धंदा तोट्यांत जाईल. ह्यांतील पहिला भाग अनुभवाचा होता. परंतु लांब दांड्याच्या कुदळीनें हींच पिकें इतर संस्थानांतील शेतकरी विरळीत होते, ही गोष्ट त्या म्हणण्याच्या आड येत होती. आणखी एक कारण होतें. तें अर्जांत कोणी लिहीत नसे, पण शेतांत सर्वांना ठाऊक होतें. आखूड कुदळीनें काम करणारा मजूर सदैव वांकलेला असतो. म्हणून जो उभा दिसेल तो काम करीत नाहीं, हें मुकादमाला शेताच्या टोंकाशीं बसल्या बसल्या कळतें. पाठीला घटकाभर ताठ करण्यासाठीं कोणी उभा राहिला कीं हांक येई. म्हणजे हा आखूड दांडा विरळणीचें साधन होताच, शिवाय तो पाळत ठेवण्याचेंही साधन होता.

ह्या मजुरांतच सेझार चावेझ हा पुढें प्रसिद्धीस आलेला पुढारी होता. त्याचा जन्म १९२७ सालचा. लहानपणापासून तो शेतमजुरी करीत होता व आपल्या जन्मभराच्या पाठदुखीचें मूळ तो ह्या कुदळींतच सांगे. १९६२ सालीं त्यानें शेतमजुरांची संघटना उभारली, आणि १९६५ पासूनच्या द्राक्षमळ्यांच्या संपानें ती सर्व देशाला माहीत झाली. महात्मा गांधींना तो आपला मार्गदर्शक मानी. १९६८ सालीं संपांत हिंसा शिरूं नये म्हणून त्यानें २५ दिवसांचें उपोषण केलें, हें आपल्या लोकांना मुद्दाम सांगण्यासारखें आहे. परंतु कुदळीचा प्रश्न सुटला तो संपानें नव्हे. तो कायद्याच्या एका वाक्याच्या अर्थावरून सुटला.

१९६६ सालीं त्या संस्थानांत गरीब शेतमजुरांना कायद्याचें साहाय्य देणारी ‘कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स’ नांवाची संस्था निघाली होती. तींतील मॉरिस जुर्डेन ह्या तरुण वकिलानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मजुरांच्या वतीनें हा प्रश्न हातीं घेतला. औद्योगिक सुरक्षिततेच्या खात्याचा एक नियम असा होता कीं, असुरक्षित हत्यारें वापरूं नयेत. आखूड दांड्याची कुदळी हें असुरक्षित हत्यार आहे, सबब तिला बंदी करावी, असा अर्ज १९७२ सालीं शेतमजुरांनीं त्या खात्याकडे केला. सुनावणींत वैद्यांच्या साक्षी झाल्या. दीर्घकाळ वांकून काम केल्यानें पाठीच्या कण्याला कायमची इजा होते, असें त्यांनीं सांगितलें. आणि ज्यांना ती इजा झाली होती त्या मजुरांनीं आपली हकीकत सांगितली. तरीही १९७३ सालीं अर्ज फेटाळला गेला. खात्यानें नियमाचा अर्थ असा केला कीं, असुरक्षित हत्यार म्हणजे ज्याच्या बनावटींत किंवा निगेंत दोष आहे तें. दांडा निखळलेला, पातें तडकलेलें, असें कांहीं असेल तर बंदी करतां येईल. ही कुदळी तर धडधाकट आहे!

ह्या निर्णयावर मजुरांनीं संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली. सेबास्टियन कार्मोना ह्या मजुराच्या नांवानें तो खटला ओळखला जातो. १३ जानेवारी १९७५ रोजीं न्यायालयानें निकाल दिला. खात्यानें नियमाचा अर्थ फार संकुचित केला आहे, असें न्यायालयानें ठरविलें. हत्यार मोडकें असलें म्हणजेच तें असुरक्षित, असें नाहीं. उत्तम स्थितींतलें हत्यारही ज्या रीतीनें वापरावें लागतें त्या रीतीमुळें माणसाला अपाय करीत असेल, तर तेंही असुरक्षितच होय. तेव्हां योग्य अर्थ ध्यानांत घेऊन अर्जाचा फेरविचार करावा, अशी आज्ञा झाली. येथें एक गोष्ट नीट लक्षांत ठेवावी. न्यायालयानें स्वतः कुदळीला बंदी केली नाहीं. विचार करण्याचें ज्यांनीं नाकारलें होतें त्यांना विचार करावयास लावलें. त्याच महिन्यांत जेरी ब्राउन हे नवे गव्हर्नर अधिकारावर आले होते. त्यांच्या अमदानींत, एप्रिल १९७५ मध्यें, त्या खात्यानें आखूड दांड्याची कुदळी असुरक्षित हत्यार असल्याचें जाहीर केलें, आणि जवळजवळ पाऊणशें वर्षें चाललेली चाल बंद झाली.

पुढें काय झालें? पीक बुडालें नाहीं. मळेवाल्यांनीं लांब दांड्याच्या कुदळ्या आणल्या, मजुरांचा हात त्यांवर बसला, आणि लेट्यूस पूर्वींप्रमाणेंच बाजारांत येत राहिलें. पाठीच्या दुखापती कमी झाल्या. आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय इतिहासाच्या संग्रहालयांत ही आखूड कुदळी इतिहासाची वस्तु म्हणून जतन केलेली आहे. परंतु गोष्ट येथें संपली असती तर ती बोधकथेसारखी वाटली असती. खरा इतिहास इतका सुबक नसतो. कुदळी गेली तरी वांकणें सर्वस्वीं गेलें नाहीं. कांहीं मळ्यांत मजुरांना कुदळीऐवजीं नुसत्या हातानें तण उपटावयास लावूं लागले. हातानें उपटणें हें कोणत्याच हत्याराच्या व्याख्येंत बसत नव्हतें! ही पळवाट बंद करण्यासाठीं त्या संस्थानाला २००४ सालीं आणखी एक नियम करावा लागला. त्यानें हातनिंदणीवर मर्यादा घातल्या, तरी सेंद्रिय शेतीला सूट दिली, कारण तणनाशक औषध न वापरणाऱ्या त्या शेतकऱ्यांपुढें दुसरा सोपा मार्ग नव्हता. दांड्याची लांबी कायद्यानें ठरवितां येते. पण मजुराला ताठ उभें राहण्याचा अधिकार आहे, हें मनांत उतरण्यास कायद्याहून अधिक काळ लागतो.

आतां आपल्याकडे वळूं. ज्या १९७२ सालीं सॅलिनासच्या मजुरांनीं अर्ज केला, त्याच सालीं महाराष्ट्रांत भयंकर दुष्काळ पडला होता आणि लाखों बायकापुरुष दुष्काळी कामांवर कुदळ, फावडें व घमेलें घेऊन रस्ते व तळीं खणीत होते. पुढें ह्याच कामांतून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा जन्मास आला. त्या कामांवरील मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळे. जेथें मापावर मजुरी, तेथें फावड्याची घडण हा पोटाचा प्रश्न होतो. आपलें फावडें इंग्रजी फावड्यासारखें पुढें ढकलण्याचें नाहीं. त्याचें पातें दांड्याशीं कोन करून बसविलेलें असतें आणि माती आपल्याकडे ओढून घमेल्यांत भरावयाची असते. दांडा फारसा लांब नसल्यानें भरणारा वांकलेलाच राहतो, आणि भरलेलें घमेलें उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर देतांना तो पुन्हां वांकतो.

आणि खुरपें? आपल्या शेतांतली निंदणी-खुरपणी बहुतांशीं बायकांच्या हातीं आहे. खुरप्याला दांडा असा नाहींच. एक मूठ असते. बाई उकिडवी बसते किंवा ओणवी होते, आणि पाऊलपाऊल सरकत पाटाच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जाते. ह्या अवजाराचे गुण नाकारतां येत नाहींत. पिकाच्या अगदीं बुडाशीं उगवलेलें तण खुरपें जितक्या अलगद काढतें, तितकें दुसरें कांहीं काढूं शकत नाहीं. तें स्वस्त आहे, गांवचा लोहार तें घडवूं शकतो. सॅलिनासच्या मळेवाल्यांनींही आपल्या कुदळीचे हेच गुण सांगितले होते. आपण त्यांना हंसण्यापूर्वीं आपल्या बांधावर उभें राहून पाहिलें पाहिजे. फरक इतकाच कीं, त्यांच्या येथें वांकणारा परदेशचा मजूर होता. आपल्या येथें वांकणारी बाई घरचीच असते, किंवा शेजारच्या वस्तींतली असते, आणि सायंकाळीं घरीं गेल्यावर केरसुणी हातांत धरून ती पुन्हां वांकते.

ह्याला उपाय नाहीं असें नाहीं. दोन ओळींमधील तण काढण्यास बैलाचें कोळपें आपल्याकडे पुरातन आहे. आणि अलीकडे चाक लावलेलें, कंबरेइतक्या उंचीच्या दोन मुठी असलेलें हातकोळपें, ज्याला कित्येक ठिकाणीं सायकल-कोळपें म्हणतात, तें उभ्यानें ढकलतां येतें. ओळींत पेरलेल्या पिकांत त्यानें खुरपणीचें पुष्कळ काम होतें. रोपांच्या बुडाशीं राहिलेलें तेवढें खुरप्याला उरतें. परंतु येथें बेथलेहेमचा हिशेब पुन्हां पुढें येऊन उभा राहतो. हातकोळपें आलें म्हणजे चार बायकांचें काम एका माणसाकडून होतें, आणि बहुधा तें यंत्र पुरुषाच्या हातीं जातें. वांकलेली पाठ सरळ झाली, पण तिची मजुरी गेली, असें झालें तर त्या बाईनें ह्या सुधारणेला काय म्हणावें? ‘पाठ दुखते, पण चूल पेटते’ असेंच ती म्हणेल, व तिला अडाणी म्हणण्याचा आपणांस अधिकार राहणार नाहीं. अवजार सुधारतांना तें कोणाच्या हातीं राहील व वांचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला मिळेल, हे प्रश्न दांड्याच्या लांबीइतकेच महत्त्वाचे आहेत. गांवच्या बायकांच्या गटानें स्वतः हातकोळपीं घेऊन मक्त्यानें काम केलें, तर त्याचें उत्तर वेगळें येईल. मालकानें एक कोळपें आणून चौघींना घरीं बसविलें, तर वेगळें येईल. अवजार दोन्हीकडे तेंच.

सॅलिनासच्या हकीकतींतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, ती आखूड कुदळी वाईट आहे हें शोधून काढण्यास कोणत्याही नव्या शास्त्राची गरज नव्हती. रामाझिनीनें तत्त्व सांगून पावणेतीनशें वर्षें होत आलीं होतीं, आणि मजुराला तर तें पहिल्याच दिवशीं संध्याकाळीं कळत होतें. ज्ञान होतें, पण ज्याला तें होतें त्याला विचारण्याची पद्धत नव्हती. दुसरी ही कीं, अवजाराची परीक्षा करतांना तें धडधाकट आहे कीं मोडकें, एवढेंच पाहण्याची आपली संवय अपुरी आहे. चालविणारा त्यानंतर धडधाकट राहतो कीं नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे. आपल्या कृषिशाळांत, प्रदर्शनांत व लोहाराच्या भात्यापाशीं नवें खुरपें किंवा नवें फावडें दाखविलें जातें, तेव्हां पात्याचें पोलाद कसलें आहे हें आपण आवर्जून विचारतों. त्याबरोबर जी बाई तें उद्यां दिवसभर चालविणार आहे तिला बोलावून, तिच्या हातीं देऊन, तिच्या उंचीला दांडा पुरतो कीं नाहीं हें विचारावें. ह्याला खर्च कांहींच नाहीं. तिचें म्हणणें ऐकून घेण्याची तेवढी तयारी हवी.